साप हिवाळ्यात थंड ठेवायचा का? आणि ठेवायचाच तर कसा?

घरात एकच कॉर्न स्नेक (पाळला जाणारा एक बिनविषारी अमेरिकी साप) आहे, पिल्लं काढायचा विचार नाही, साप नीट खातोय. अशा सापाला हिवाळाभर नेहमीच्या उबेत ठेवलं तर त्याचं काहीही बिघडत नाही. एकही हिवाळा थंडीत न काढलेले कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं आरामात जगतात. म्हणजे बहुतेक पाळणाऱ्यांसाठी या प्रश्नाचं उत्तर ‘गरज नाही’ असंच आहे.

तरीही लेख पुढे वाचावा, कारण साप मरतात ते थंड न ठेवल्यामुळे नव्हे, तर अर्धवट थंड ठेवल्यामुळे. ‘हिवाळा आहे, तसाही खात नाहीये, हीटर जरा कमी करून बघू’ हे वाक्य साप पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात कधी ना कधी बोललं जातं. पुढचा सगळा मजकूर म्हणजे त्या वाक्याला दिलेलं उत्तर आहे.

ही झोप नव्हे

मराठीत आपण सरसकट ‘शीतनिद्रा’ म्हणतो, पण सापांच्या बाबतीत त्या शब्दाने फसगत होते. शीतनिद्रेत जाणारा सस्तन प्राणी गाढ झोपतो आणि साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. सापाला स्वतःची ऊबच नसते. बीळ १२ अंशांवर आलं की सापही १२ अंशांवर येतो. त्याचं हृदय, पचन, श्वास सगळं मंदावतं, पण तो जागाच असतो. तहान लागली तर सरकत पाण्यापाशी जातो, थोडं ऊन मिळालं तर तोंड बाहेर काढतो. या अवस्थेला पाळणारे ‘ब्रुमेशन’ म्हणतात आणि पुढे आपणही तोच शब्द वापरू.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. उत्तरेला न्यू जर्सी, दक्षिणेला फ्लोरिडाच्या टोकाची बेटं. न्यू जर्सीतला साप हिवाळ्याचे कितीतरी महिने जमिनीखाली, कुजलेल्या बुंध्यांच्या पोकळीत किंवा खडकाच्या भेगांत काढतो. फ्लोरिडातला तोच साप जानेवारीतल्या उबदार दुपारी बाहेर फिरताना दिसतो. जात एक, हिवाळे दोन. दुकानातल्या कॉर्न स्नेकमध्ये या सगळ्यांचं रक्त पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेलं असल्याने ‘माझा साप उत्तरेचा, त्याला थंडी लागतेच’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. (आपल्याकडचा तस्कर हा कॉर्न स्नेकचा लांबचा भाऊबंद. दोघांनाही एके काळी शास्त्रज्ञांनी एकाच प्रजातिगटात, ‘एलाफे’त, बसवलं होतं.)

मग थंडी उपयोगी कुठे पडते? प्रजननात. थंडी आणि तिच्यामागून येणारी ऊब हा सापाच्या शरीराला मिळणारा वसंताचा इशारा असतो. मादीत अंडी धरायला सुरुवात होते, नर मादीच्या मागे लागतो आणि दोघांचं वेळापत्रक जुळतं. याचं टोकाचं उदाहरण कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, नार्सिस इथे दिसतं. चुनखडीच्या भेगांत हिवाळा काढलेले हजारो गार्टर साप एप्रिलअखेर ते मे महिन्यात एकदमच वर येतात आणि तिथेच जोड्या जमतात. त्या सापांत मिलनाची ओढ मुख्यतः थंडीनंतरच्या उबेने जागी होते. थंडीच मिळाली नाही तर नर ढुंकूनही बघत नाहीत. कॉर्न स्नेक इतका हट्टी नाही. थंड न करताही त्याच्या जोड्या पुष्कळदा फळतात, पण थंड केल्यावर भरवसा वाढतो.

याच कारणासाठी एकट्या मादीला थंड करू नये. ब्रुमेशननंतर वसंतात भरपूर खाणं मिळालं की नर नसतानाही मादी अंडी धरू शकते. ती फळणारी नसतात, पण पोटात अडकली तर मादीचा जीव जातो. ‘निसर्गासारखं’ करायच्या हौसेपायी हा धोका ओढवून घेण्यात शहाणपणा नाही. जाड झालेल्या सापाचं वजन उतरवायचा उपाय म्हणूनही ब्रुमेशन निरुपयोगी आहे. नीट थंड ठेवलेल्या सापाचं वजन फारसं घटतच नाही, ब्रुमेशनचा हेतूच तो असतो. वजन उतरवायचं तर उंदीर लहान द्यावा आणि दोन जेवणांतलं अंतर वाढवावं.

कोणाला चालतं, कोणाला अजिबात नाही

सापाचं मूळ गाव बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

बॉल पायथन हा छोटा अजगर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, घाना-टोगो-बेनिनच्या पट्ट्यातला. त्याच्या आयुष्यात १२ अंशांचा हिवाळाच नाही. पैदास करणारे लोक रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतात, तेही २३-२४ च्या खाली जाऊ न देता. त्याला कॉर्न स्नेकसारखं थंड केलं तर फुफ्फुसाचा संसर्ग जवळजवळ ठरलेला. बोआ कन्स्ट्रिक्टरचं साधारण तसंच. बर्मी अजगर इतका धिप्पाड, पण २०१० च्या जानेवारीत फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली तेव्हा तिथे मोकाट वाढलेले कितीतरी अजगर मेले. अंगाने मोठा असला म्हणून साप थंडी सोसतो असं नाही.

आपला भारतीय अजगर याबाबतीत हुशार निघतो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात हे अजगर हिवाळ्यात साळिंदरांच्या बिळांत राहतात आणि दिवसा बिळाच्या तोंडाशी येऊन ऊन खातात. बीळ आणि ऊन या दोन्हींत निवड करायची मोकळीक त्यांना असते. पेटीतल्या सापाला जी ऊब तुम्ही द्याल तेवढीच मिळते.

कॉर्न स्नेक, किंगस्नेक, बुलस्नेक, रोझी बोआ, वेस्टर्न हॉगनोज आणि गार्टर यांना ब्रुमेशन मानवतं. अमूर खोऱ्यातल्या रशियन रॅटस्नेकला तर याहूनही गार हिवाळा लागतो. मिल्क स्नेकच्या बाबतीत सावध राहा. त्यातले उत्तर अमेरिकेचे कडक हिवाळा काढतात आणि होंडुरासचे उष्ण प्रदेशातले, पण दुकानाच्या चिठ्ठीवर दोघांचंही नाव नुसतं ‘मिल्क स्नेक’ असतं.

अर्धवट थंडी म्हणजे काय

कॉर्न स्नेकला पचनासाठी पेटीची उबदार बाजू २८ ते ३० अंशांवर लागते, थंड बाजू २१ ते २४ वर. ब्रुमेशनमध्ये तोच साप १० ते १५ अंशांवर निवांत असतो. धोका आहे तो या दोहोंमधल्या पट्ट्यात, साधारण १६ ते २० अंशांवर महिनोन्‌महिने ठेवण्यात. इतक्या उबेत साप पुरता मंदावत नाही, हिंडत राहतो, साठा जाळत राहतो. पण पचवण्याइतकी ऊबही नसते आणि रोगाशी लढायची ताकद मात्र घटलेली असते. वजन उतरतं, नाकात शेंबूड येतो आणि मालक म्हणतो, ‘थंडी मानवली नाही.’ खरं तर त्याला धड थंडी मिळालेलीच नसते.

महाराष्ट्रात नेमकं हेच होतं. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरात बाहेर पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी २८-२९. भिंतींच्या आत हा फरक कमी होतो, पण खोली पहाटे १८ वर आणि दुपारी २६ वर असं हेलकावे खाते. याला ब्रुमेशन म्हणता येत नाही, आणि ते नैसर्गिकरीत्या जमण्याइतकी सलग थंडी आपल्याकडे नसतेच. मुंबई-गोव्यात तर प्रश्नच नाही. म्हणून इथे राहणाऱ्यांचं काम थंड करणं नसून ऊब टिकवणं आहे. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा, हीटर नेहमी थर्मोस्टॅटवरच (ठरवलेलं तापमान राखणाऱ्या यंत्रावरच) चालवा. बॉल पायथनसाठी उबदार बाजू ३१-३२, थंड बाजू २५-२६, रात्री २४ च्या खाली नाही. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून, एकाच बाजूला टेकवा. आत ठेवली तर साप तिला विळखा घालून भाजून घेतो. थंडीने आखडलेल्या सापाला चटका उशिरा कळतो.

भारतात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं. धामण, तस्कर, नानेटी, अजगर असा कुठलाही देशी साप घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. थंडीत गारठलेला साप अंगणात सापडला तर त्याला ऊब द्यायला घरात आणू नका, वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवा. बॉल पायथन, बोआ यांसारखे साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्टांतले परदेशी साप असतील तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

इथून पुढची कृती मुख्यतः अमेरिका, युरोप, कॅनडा इथे राहणाऱ्या आणि पैदाशीसाठी कॉर्न स्नेक थंड करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

आधी साप पात्र आहे का ते बघा

वय किमान दोन वर्षं, मादीसाठी तीन उत्तम. मादीचं वजन ३०० ग्रॅमच्या वर. उन्हाळाभर खाणं नियमित असलेलं. गेल्या सहा महिन्यांत श्वासाचा आजार, उलटी, गोचीड-माइट यांपैकी काही झालेलं नसावं. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाला थंड करू नका, त्याच्याकडे साठाच नसतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे विष्ठेची तपासणी करून घ्या. पोटातले परजीवी उबेत दबून राहतात. थंडीत सापाची प्रतिकारशक्ती बसली की त्यांना मोकळं रान मिळतं. क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या परजीवीची शंका असेल तर त्या सापाचा विचारच सोडा.

वजन घ्यायला स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. झाकणाचा रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, मग साप डब्यात घाला. हा आकडा आणि तारीख पेटीवरच चिकटवा. समजा साप ४२० ग्रॅमचा आहे. दहा टक्के म्हणजे ४२ ग्रॅम. मग ३७८ हा आकडा लाल शाईने खाली लिहून ठेवा. वजन त्याच्या खाली गेलं की ब्रुमेशन बंद.

पोट रिकामं करणं

सगळ्या कृतीत एकच पायरी चुकवायची नसेल तर ती ही. थंडीत सापाचे पाचक रस काम थांबवतात, पण आतड्यातले जिवाणू थांबत नाहीत. पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडतो, वायू धरतो, विष रक्तात जातं. साप जानेवारीत मेलेला सापडतो आणि कारण नोव्हेंबरातलं असतं.

शेवटचं खाणं साधारण १ नोव्हेंबरला द्या. त्यानंतर तीन आठवडे खाणं बंद, पण हीटर पूर्ण चालू, उबदार बाजू २९ वर. इथेच लोक चुकतात, खाणं बंद केलं की त्याच दिवशी ऊबही कमी करतात. ऊब नसेल तर पोट रिकामं व्हायचं कसं? या तीन आठवड्यांत विष्ठा आणि युरेटचा (सापाच्या घट्ट लघवीचा) पांढरा खडा पडायला हवा, बहुतेकदा दोनदा. १४ दिवस हा कमीत कमी काळ, २१ दिवस सुरक्षित. शेवटचा उंदीर नेहमीपेक्षा लहानच द्या. पोटाच्या मागच्या तिसऱ्या भागात बोटांना गाठ लागत असेल तर २७-२८ अंशांच्या, सापाच्या निम्म्या जाडीइतक्या उथळ पाण्यात १५-२० मिनिटं बसवा, शेजारून हलू नका. तरीही काही पडलं नाही तर आणखी एक आठवडा उबेत थांबा. तारखेसाठी साप थंड करायचा नसतो.

डोळे निळसर-दुधी झाले असतील, म्हणजे कात यायची असेल, तर कात पडेपर्यंत थांबा.

जागा आणि डबा

हवी आहे अशी जागा जिथे दिवसरात्र, दोन-अडीच महिने, १० ते १४ अंश स्थिर राहतील. अमेरिकन थर्मोस्टॅटवर हे ५० ते ५७ फॅरनहाइट. जर्मनीतलं तळघर किंवा अमेरिकेतलं न तापवलेलं बेसमेंट बहुधा जमतं. गॅरेज टाळा, कारण तिथे बर्फाळ रात्री तापमान शून्याखाली जातं, उन्हाच्या दिवशी चढतं, आणि सुरू केलेल्या गाडीचा धूर कोंडतो. खिडकीपाशी तर मुळीच नको. दुपारी अर्धा तास पडणारी तिरीप बंद डब्याचं तापमान भराभर चढवते.

तळघर नसेल तर वाइन ठेवायचा फ्रिज चांगला. पण घेण्याआधी बघा, कॉम्प्रेसरचा आहे की नाही. कॉम्प्रेसर नसलेले थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच थंड होतात, खोली तापली की आतलंही वर सरकतं. आत पाण्याने भरलेल्या चार-पाच बाटल्या ठेवा. त्या थंडी धरून ठेवतात आणि दार उघडलं तरी काटा उडत नाही. हवा बदलावी म्हणून आठवड्यातून दोनदा दार मिनिटभर पूर्ण उघडा. घरातल्या खाण्याच्या फ्रिजचा नाद नको, तो ४-५ अंशांवर चालतो.

जागा कुठलीही असो, साप ठेवण्याआधी रिकाम्या डब्यात किमान-कमाल लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घालून पूर्ण आठवडा चाचणी घ्या. रोज सकाळी दोन्ही आकडे लिहा. दोहोंत ४ अंशांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर ती जागा बाद.

डबा साधा प्लास्टिकचा चालतो, साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरचा, झाकणाला कड्या असलेला. थंड साप अशक्त दिसतो, पण सैल झाकण रेटण्याइतकी ताकद त्याच्यात असते. दोन समोरासमोरच्या बाजूंना ३-४ मिलिमीटरची दहा-बारा भोकं. आत १० सेंटिमीटर अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचा कोरडा कीस, एक लपायची जागा आणि जड बुडाची, सांडणार नाही अशी पाण्याची वाटी. कीस कोरडा हे ठळक लक्षात ठेवा. थंडी आणि ओल एकत्र आली की पोटाखालचे खवले सडायला लागतात. एका डब्यात एकच साप. नर-मादी एकत्र ठेवायची वेळ अजून यायची आहे.

तळघर कधी १० च्या खाली घसरत असेल तर डब्याच्या एका कोपऱ्याखाली लहान हीट मॅट ठेवा आणि तिच्या थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) डब्यात तळाशी लावून १० वर सेट करा. ५ अंशांच्या खाली धोका सुरू होतो.

उतरण

तीन आठवडे पूर्ण झाले, पोट रिकामं आहे. आता साधारण २२ नोव्हेंबरपासून थर्मोस्टॅट दर तीन-चार दिवसांनी ३ अंशांनी खाली आणा. २९ वरून २६, २३, २०, १७. दिव्याचे तासही १२ वरून १०, ८ असे कमी करत शेवटी अंधार. खोलीच २१ ला असेल तर थर्मोस्टॅटने त्याखाली जाता येणार नाही. तिथून साप ब्रुमेशनच्या डब्यात घालून आधी घरातल्या सर्वांत गार खोलीत तीन-चार दिवस ठेवा, मग तळघरात. मघाशी ज्या १६ ते २० च्या पट्ट्याला धोक्याचा म्हटलं त्यातून जावं लागणारच. रिकाम्या पोटाने आठवडाभर त्यात असणं वेगळं, आणि तिथेच मुक्काम करणं वेगळं.

१० डिसेंबरच्या आसपास साप १३ अंशांवर आला असेल. आता आठ ते दहा आठवडे, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, त्याला शक्य तितकं एकटं सोडा.

डब्यात डोकावणं

आठवड्यातून एकदा, शांतपणे. सगळं ठीक असेल तर साप किसाखाली किंवा लपणीत घट्ट वेटोळं घालून सापडतो. बोट लावलं की दचकत नाही. दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही, मग वेटोळं हळूच आवळतं, जीभ बाहेर येते, एकदा जडपणे खालीवर होते आणि परत जाते. हात लावाल तर तो नदीतल्या दगडासारखा गार लागतो, पण अंग भरीव, आवळलेलं असतं. एवढं दिसलं की झाकण लावा. बाहेर काढून कुरवाळू नका, हाताची ऊबही त्याला नको असते.

पाणी दर आठवड्याला बदला, वाटी घासून. पाणी संपलेली वाटी हे ब्रुमेशनमध्ये साप दगावण्याचं अगदी साधं आणि अगदी टाळता येण्याजोगं कारण आहे. वजन दर तीन आठवड्यांनी. दोन ते पाच टक्के घट चालते.

रोज हिंडताना दिसला तर सापाला दोष देण्याआधी थर्मामीटरचा कमाल आकडा बघा, बहुधा १६ च्या वर गेलेला असतो. सतत पाण्यात बसून असेल तर माइट शोधा, खवल्यांच्या मधे किंवा वाटीच्या तळाशी काळे ठिपके दिसतात. अंगावर लांबट सुरकुत्या पडल्या, चिमटीत धरून सोडल्यावर कातडी तशीच उभी राहिली तर पाणी कमी पडतंय.

पण नाकपुडीवर बुडबुडा, श्वासाला शिट्टी, उघडं तोंड, डोकं वर करून बसणं किंवा अंग सैल पडून उलटं केल्यावर न वळणं, यांतलं काहीही दिसलं तर ब्रुमेशन तिथेच थांबवायचं. ‘अजून दोनच आठवडे उरलेत’ हा हिशेब करू नका. १३ अंशांवर सापाची प्रतिकारशक्ती जवळपास झोपलेली असते आणि औषधही नीट काम करत नाही. २४ ते ४८ तासांत टप्प्याटप्प्याने २८-२९ वर आणा, खायला काही देऊ नका, आणि पशुवैद्याला गाठा.

न खाणाऱ्या सापाचं काय?

ऑक्टोबर ते मार्च या काळात पुष्कळ मोठे नर, हॉगनोजचे तर हमखास, उबेत ठेवूनही खाणं सोडतात. खिडकीतून दिसणारा दिवस लहान झालेला त्यांना कळतो. अशा वेळी उबदार बाजूचा प्रोब खरंच २९ दाखवतोय ना ते पाहा, दर दोन आठवड्यांनी वजन घ्या, दोन-तीन आठवड्यांतून एकदा उंदीर दाखवा आणि घेतला नाही तर उचला. वजन दहा टक्क्यांच्या आत राहिलं तर काळजी नको, मार्चमध्ये तो आपणहून खाईल. आणि हीटर चालूच ठेवा. खात नाही म्हणून ऊब कमी करणं म्हणजे शेवटचा उंदीर कदाचित अजून पोटात असताना त्याला त्याच मधल्या पट्ट्यात ढकलणं.

चढण आणि पहिला उंदीर

फेब्रुवारीच्या मध्याला उलटा प्रवास सुरू करा. चढण उतरणीपेक्षा थोडी जलद चालते, सात ते दहा दिवस. १३ वरून गार खोलीत १७-१८, मग नेहमीच्या पेटीत २१, २४, आणि शेवटी उबदार बाजू २९. दिवाही हळूहळू १२ तासांवर. पहिल्याच दिवशी ताजं पाणी भरपूर द्या. बरेच साप बराच वेळ पितात, तोंड पाण्यात टेकवून गळ्याच्या लाटा मोजता येतात.

खायला मात्र घाई नको. उबदार बाजू २९ वर आल्यानंतर पूर्ण पाच ते सात दिवस थांबा. पहिला उंदीर नेहमीच्या निम्म्या आकाराचा द्या, सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा बारीक. फ्रीझरमधला असेल तर आतपर्यंत वितळलेला आहे ना ते पोट दाबून बघा, मधे गार गोळा राहिला तर तो उलटून पडतो. पुढचा सात दिवसांनी, तोही लहान. तिसऱ्या जेवणापासून नेहमीचा आकार. नरांचं लक्ष या दिवसांत खाण्यावर कमी असतं, त्यांच्यामागे लागू नका. मादीला मात्र आता दर पाच-सहा दिवसांनी खाऊ घाला, तिला अंड्यांसाठी लागणार आहे.

तीन ते पाच आठवड्यांत पहिली कात पडते. मादीने ती टाकल्यावर तिला नराकडे सोडा.

पहिला उंदीर उलटून पडला तर लगेच दुसरा देऊ नका. उलटीबरोबर पोटातलं आम्ल आणि उपयोगी जिवाणू बाहेर जातात, घशाचं अस्तर सोलवटतं. पूर्ण १४ दिवस फक्त पाणी आणि ऊब, प्रोबची जागा दुसऱ्या थर्मामीटरने ताडून बघा, आणि मग नेहमीच्या एक-तृतीयांश आकाराचा उंदीर. तोही परत आला तर उलटून पडलेला उंदीर झिपच्या पिशवीत बंद करून, फ्रिजमध्ये ठेवून, सापाबरोबर पशुवैद्याकडे न्या. तपासायला तो लागतो.